श्वास किती, ठोके किती?

'तब्येत कशी आहे?' हा प्रश्न आपण दिवसातून चार वेळा विचारतो आणि 'बरी आहे' हे उत्तर ऐकून पुढे जातो. बरं नसेल तर ते सांगायला मराठीत शब्दांची कमतरता नाही. कुणाला कसर वाटते, कुणाच्या अंगात कणकण असते, कुणाचं अंग मोडून येतं, एखादं पोर तापानं फणफणतं. जिना चढून आलं की धाप लागते, निकालाच्या दिवशी छातीत धडधडतं. मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे हे शब्द मला फार जवळचे. पण हेच शब्द घेऊन आपण डॉक्टरांसमोर बसलो की ते विचारतात, 'किती?' ताप किती होता? कधी मोजला होता? तिथे कणकण उपयोगी पडत नाही. श्रोतेहो, आज मी या 'किती'विषयी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, कला शाखेतला साधा पदवीधर आहे. म्हणून घरच्या घरी जे करता येतं आणि ज्याला वैद्यकीचं शिक्षण लागत नाही, तेवढंच सांगेन.

रुग्णालयात परिचारिका सकाळ-संध्याकाळ खाटेपाशी येते आणि तक्त्यावर चार गोष्टी टिपून जाते. ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब. डॉक्टर मंडळी त्यांना 'व्हायटल्स' म्हणतात, आपण जीवनखुणा म्हणू. कोविडच्या साथीनंतर त्यांच्या जोडीला रक्तातला ऑक्सिजन हा पाचवा आकडाही घराघरांत माहीत झाला. या पाचही गोष्टी घरी मोजता येतात. त्यांतल्या दोन मोजायला तर घड्याळाशिवाय काहीच लागत नाही.

आधी ताप घेऊ. ९८.६ हा आकडा आपल्याला पाढ्यासारखा पाठ असतो. तो आला जर्मनीतून. कार्ल वुंडरलिश नावाच्या डॉक्टरांनी लाइपझिगच्या रुग्णालयात सुमारे पंचवीस हजार रुग्णांचं तापमान वर्षानुवर्षं मोजलं आणि १८६८ साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळचा थर्मामीटर जवळपास फूटभर लांब होता आणि काखेत पंधरा-वीस मिनिटं धरून ठेवावा लागे. वुंडरलिश यांनी निरोगी माणसाचं तापमान सरासरी ३७ अंश सेल्सिअस ठरवलं. त्याचं फॅरनहाइटमध्ये रूपांतर केलं की ९८.६ येतं. दशांश चिन्हापुढचा तो सहा बघून आपल्याला वाटतं, केवढं काटेकोर मोजमाप! वास्तविक तो एका पूर्ण आकड्याचा हिशेब आहे. १९९२ साली अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये १४८ निरोगी माणसांचं तापमान पुन्हा मोजलं, तेव्हा सरासरी ९८.२ भरली. २०२० साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या दीडशे वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि सरासरी हळूहळू खाली येत असल्याचं दाखवलं.

याचा आपल्यासाठी अर्थ एवढाच, की ९८.६ ही काही लक्ष्मणरेषा नाही. तापमान पहाटे सर्वांत कमी असतं आणि दुपार कलल्यावर चढतं. निरोगी माणसातही दिवसभरात अर्ध्या-एक अंशाचा फरक पडतो. म्हाताऱ्या माणसांचं अंग मुळातच थोडं थंड असतं. ढोबळ मानानं १००.४ आणि त्यापुढे ताप समजावा, असं डॉक्टर सांगतात. मात्र कुणाचं रोजचं तापमान किती, हे माहीत असल्याशिवाय त्या आकड्याचा पुरता अर्थ लागत नाही.

कपाळाला हात लावून ताप ओळखण्याची आपली रीत मायेची आहे, पण तिच्यावर विसंबू नये. आमच्या सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा भिंतीला हात लावला तरी तिला ताप आल्यासारखा वाटतो. उन्हातून आलेल्या माणसाचं कपाळ तापलेलं असतं आणि थंडीत घाम आलेल्या रुग्णाचं गार लागतं. थर्मामीटर जिभेखाली नीट ठेवून ओठ मिटायचे. चहा किंवा गार पाणी प्यायलेलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. काखेत लावायचा असेल तर काख कोरडी करून घ्यायची. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमी येतो, म्हणून कुठे मोजला तेही लिहायचं. काचेचा जुना थर्मामीटर घरात असेल आणि तो फुटला, तर पाऱ्याचे मणी मुलांना खेळायला देऊ नका. पारा विषारी असतो.

आता नाडी. आमच्या घरात नाडीला 'नब्ज' म्हणत आणि शाळेत 'नाडी'. एक शब्द अरबी, दुसरा संस्कृत. लहानपणी मला ते एकाच शब्दाचे दोन उच्चार वाटायचे. वैद्य आणि हकीम दोघंही मनगटावर तीन बोटं टेकवत. शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या चालीला प्राण्यांच्या उपमा दिल्या आहेत. कधी ती सापासारखी चालते, कधी बेडकासारखी, कधी हंसासारखी. निझामी अरूझी यांच्या 'चहार मकाला' या बाराव्या शतकातल्या फारसी ग्रंथात इब्न सीना या थोर हकिमाची एक गोष्ट आहे. गुरगानच्या अमीराच्या नात्यातला एक तरुण अंथरुणाला खिळला होता आणि आजार कुणाला सापडत नव्हता. इब्न सीनांनी त्याची नब्ज धरली आणि एका माणसाला शहरातल्या मोहल्ल्यांची नावं एकेक करून घ्यायला सांगितली. एका नावाला नब्ज उसळली. मग त्या मोहल्ल्यातल्या गल्ल्या, मग त्या गल्लीतली घरं, मग त्या घरातल्या माणसांची नावं. शेवटी एका मुलीच्या नावाला नब्ज अशी उडाली, की हकीम म्हणाले, याला प्रेमाचा आजार आहे.

गोष्ट प्रेमाची आहे खरी, पण तिच्यात मोजण्याचं मर्म आहे. हकिमाकडे घड्याळ नव्हतं. त्यानं त्या तरुणाची नाडी दुसऱ्या कुणाच्या नाडीशी ताडून पाहिली नाही, त्याच्याच मघाच्या नाडीशी ताडून पाहिली. घड्याळ नंतर आलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत सांतोरियो यांनी दोरीला वजन टांगून लंबक केला. लंबकाचा झोका नाडीच्या ठोक्याशी जुळेपर्यंत दोरी कमी-जास्त करायची आणि दोरीची लांबी लिहून ठेवायची. मराठीत नाडी म्हणजे दोरीही होते, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. पुढे १७०७ साली जॉन फ्लॉयर या इंग्रज डॉक्टरांनी खास नाडीसाठी मिनिटभर चालणारं घड्याळ वापरात आणलं आणि ठोके मिनिटात मोजण्याची पद्धत रुजू लागली.

मनगटावर अंगठ्याच्या बुडाशी तर्जनी आणि मधलं बोट हलके टेकवा. अंगठ्यानं मोजू नका. अंगठ्यात स्वतःचा ठोका असतो, तोच मोजला जाईल. पाच मिनिटं शांत बसल्यावर पूर्ण मिनिटभर मोजा. मोठ्या माणसाचे ठोके विश्रांतीच्या वेळी ६० ते १०० च्या दरम्यान असतात. रोज पळणाऱ्या, कसरत करणाऱ्या माणसाचे साठाच्याही खाली असू शकतात, तान्ह्या बाळाचे शंभराच्या वर असतात. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. पण मिनिटभर मोजण्याचं कारण निराळं आहे. ठोके एका लयीत पडतात का, हे त्यात कळतं. मधेच ठोका चुकतो, दोन लागोपाठ येतात, ठेकाच सापडत नाही, असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगावं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडली तर आत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो. त्यावर औषधं आहेत, पण आधी लय बिघडल्याचं कुणाच्या तरी बोटांना कळावं लागतं.

तिसरी खूण श्वास. हिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. ताप मोजायला थर्मामीटर आहे, दाब मोजायला यंत्र आहे. श्वास मोजायचा तर एका माणसानं दुसऱ्या माणसाकडे मिनिटभर नुसतं बघत बसायचं. तेवढी सवड कुणाला असते? म्हणून तक्त्यावर पुष्कळदा अंदाजानं आकडा पडतो. पण आजार बळावू लागला की श्वासाचा वेग लवकर वाढतो, कित्येकदा बाकीचे आकडे बिघडण्याआधी. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ साली रुग्ण खालावतो आहे का, हे ओळखण्यासाठी गुण देण्याची पद्धत आणली. तिच्यात मिनिटाला २५ किंवा जास्त श्वास असतील तर त्या खुणेला सर्वांत धोक्याचे गुण दिले जातात. निरोगी मोठा माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो.

लहान मुलांच्या बाबतीत तर हा आकडा जीव वाचवतो. आपल्या आयाबाया 'पोट उडतंय' म्हणतात, ती न्यूमोनियाची खूण असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेनं त्यासाठी सोपे आकडे दिले आहेत. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतलं बाळ ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांचं मूल ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, तर तो जलद श्वास. खोकला आणि त्यासोबत जलद श्वास असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध पीत नसेल, तर तासभरही थांबायचं नाही. मूल रडत असताना किंवा अंगावर पीत असताना मोजू नये, शांत असताना मोजावं.

हे काम कमी शिकलेल्या माणसालाही जमतं, हे आपल्या महाराष्ट्रानं जगाला दाखवलं आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९८०च्या दशकाच्या शेवटी गावातल्याच माणसांना मुलांचे श्वास मोजायला आणि न्यूमोनियावर प्रतिजैविक द्यायला शिकवलं. पन्नास-साठपर्यंत मोजणं ज्यांना अवघड जाई, त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं उपकरण तयार केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्याआधी धोक्याच्या मण्यापर्यंत पोचतो का, ते बघायचं. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या गावांत हे काम झालं, तिथे न्यूमोनियानं दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या निम्म्याहूनही कमी होतं.

श्वास मोजण्याचं महत्त्व मला पुस्तकातून कळलं, पण पटलं ते घरात. माझी अम्मा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, म्हणून मी शंभर पानी वहीत आठवड्यातून एकदा तिचे आकडे लिहीत असे. ती धडधाकट असताना ताप सत्त्याण्णवच्या आसपास, ठोके बहात्तर, श्वास सोळा. २०१७च्या जानेवारीत एका संध्याकाळी ती जेवायला उठली नाही. खोकला किरकोळ होता, छातीत दुखत नव्हतं, कपाळ गार होतं. फक्त बोलताना नातवंडांच्या नावांची सरमिसळ करत होती. थर्मामीटर नव्व्याण्णव दाखवत होता. ठोके एकशे चार. मी तिचं मनगट तसंच हातात धरून तिच्या खांद्यांकडे बघत श्वास मोजले. अठ्ठावीस. पाच मिनिटांनी पुन्हा मोजले, एकोणतीस.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'ताप आहे का?' मी म्हणालो, 'नव्व्याण्णव आहे, पण तिचा रोजचा सत्त्याण्णव असतो.' मग श्वास सांगितले, दोनदा मोजलेत असंही सांगितलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, 'सकाळची वाट बघू नका, आत्ताच आणा.' उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया होता. नवव्या दिवशी अम्मा घरी आली. म्हाताऱ्या शरीराला कधी कधी तापही नीट येत नाही, गोंधळलेलं बोलणं आणि वाढलेला श्वास एवढ्याच खुणा दिसतात, असं डॉक्टरांनी नंतर समजावलं. अम्माला हे सगळं सांगितलं तेव्हा ती आमच्या दखनीत म्हणाली, 'मेरे साँसां गिनता बैठा था क्या रे?' आणि हसली.

त्या रात्री नव्व्याण्णव हा आकडा वहीशिवाय निरुपद्रवी ठरला असता. दुसऱ्या कुणाचा असता तर तो होताही. म्हणून आकडा आजारपणात मोजायला घ्यायचा नसतो, तो धडधाकट असतानाच मोजून ठेवायचा असतो.

मोजताना एक काळजी घ्या. 'मी तुझे श्वास मोजतोय' असं सांगितलं की माणूस लगेच श्वासाकडे लक्ष देतो आणि लय बदलते. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, आणि पुढचं मिनिट छातीची किंवा पोटाची हालचाल मोजायची. वर आणि खाली मिळून एक श्वास.

चौथी खूण रक्तदाब. १७३३ साली इंग्लंडच्या स्टीफन हेल्स या पाद्र्यानं आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यानं घोडीच्या धमनीला काचेची उभी नळी जोडली, तर रक्त आठ फुटांहून वर चढलं. माणसावर असा प्रयोग करणं शक्य नव्हतं. १८९६ साली इटलीत रिवा-रोची यांनी दंडाला बांधायचा फुगणारा पट्टा आणला आणि १९०५ साली रशियात कोरोत्कोव्ह यांनी त्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकला. पट्टा सैल करताना आवाज सुरू होतो तो वरचा आकडा, म्हणजे हृदय आकुंचन पावतानाचा दाब. आवाज थांबतो तो खालचा, म्हणजे हृदय सैल पडल्यावरचा.

उच्च रक्तदाबाची अडचण ही, की बहुतेकांना तो जाणवतच नाही. डोकं दुखेल तेव्हा बघू, असं म्हणत राहिलं तर तोवर मूत्रपिंडाला, डोळ्यांना, हृदयाला इजा झालेली असते. २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरच्या सुमारे २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुषांचा दाब वाढलेला होता किंवा त्यासाठी गोळी चालू होती. आपल्याकडे दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५ याच्या वर आकडा वारंवार येत असेल तर तो उच्च मानतात. एकदाच जास्त आला म्हणून घाबरू नये, एकदाच बरोबर आला म्हणून निर्धास्तही होऊ नये.

दाब मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, सिगारेट नको. लघवीला जाऊन यावं. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, मांडी न घालता पाच मिनिटं बसावं. दंड हृदयाच्या पातळीवर यावा म्हणून हाताखाली टेबल किंवा उशी घ्यावी. हात खाली लोंबता ठेवला तर आकडा जास्त येतो. पट्टा उघड्या दंडावर, मापाचा हवा. मोजताना बोलू नये. मिनिटभरानं पुन्हा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. काहींचा दाब डॉक्टरांना बघूनच वाढतो. त्यांच्यासाठी घरची वही फारच उपयोगी. आणखी एक गोष्ट. आकडा बरोबर आला म्हणून पुष्कळ लोक गोळी बंद करतात. तो बरोबर आला आहे, तो बहुधा गोळीमुळेच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नये.

राहिला ऑक्सिजन. बोटाला लावायच्या चिमट्यामागचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात मांडलं. बोटातून प्रकाश पार करून रक्ताच्या लाल रंगावरून त्यातला ऑक्सिजन काढायचा. जगभरातले लोक हा चिमटा बोटाला लावू लागले, त्याच २०२० सालच्या एप्रिलमध्ये ते वारले. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई तो घेऊन आपल्या दारात आल्या, हे आपण विसरलेलो नाही. साधारण ९५ ते १०० हा आकडा ठीक. ९४ च्या खाली जाऊ लागला तर डॉक्टरांना कळवावं, ९० च्या खाली म्हणजे तातडीची वेळ. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांचा आकडा मुळातच कमी असू शकतो, त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून तो समजून घ्यावा. हात गार असतील, बोट हलत असेल, नखावर गडद रंग असेल तर आकडा फसवतो. सावळ्या कातडीवर तो कधी कधी असेल त्यापेक्षा जास्त दाखवतो, असंही अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून आकडा चांगला आणि माणूस मात्र धापा टाकतोय, असं दिसलं तर माणसावर विश्वास ठेवा.

हे सगळं ऐकून कुणी दर तासाला मनगट धरून बसू नये. वरचेवर मोजलं की धास्ती वाढते आणि धास्तीनं आकडे वाढतात. प्रकृती ठीक असताना महिन्यातून एकदा पुरे, गोळी चालू असेल तर डॉक्टर सांगतील तसं. आणि काही प्रसंगी मोजतही बसायचं नाही. छातीत कळ येणं, तोंड वाकडं होणं, एका हाताची ताकद जाणं, ओठ निळे पडणं, उन्हातून आलेला माणूस बरळू लागणं किंवा बेशुद्ध पडणं, यांपैकी काही दिसलं तर आधी १०८ ला फोन करायचा.

एखाद्या सुटीच्या दिवशी सकाळी, सगळे घरात असताना, एक वही घ्या. प्रत्येकासाठी एक पान करा. वर नाव आणि वय, खाली तारीख, वेळ, ताप, ठोके, श्वास, आणि यंत्र असेल तर दाब व ऑक्सिजन. मोजण्याचं काम शाळेत जाणाऱ्या मुलांकडे द्या, त्यांना ते आवडतं आणि ती चोख करतात. आजी-आजोबांचं पान सर्वांत आधी भरा. चालू असलेल्या गोळ्यांची नावं त्याच पानावर लिहा, आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरात तुमच्या डॉक्टरांचा नंबर व १०८. वही देवळीत, कपाटात, कुठेही ठेवा, फक्त रात्री दोन वाजता घरातल्या कुणालाही सापडेल अशी ठेवा.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)